जहाजाच्या आधीचा दिवस आणि नंतरचा दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी वक्त्याने भाषा, संस्कृती, परंपरा अशा भारदस्त विषयांवर बोलावे अशी रूढी आहे. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी व्यक्ती या व्यासपीठावरून बोलून गेल्या आहेत. आम्ही मात्र आज एक अगदी साधा, किंबहुना ट्रंका-वळकट्यांचा म्हणावा असा विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत. कोचीहून जहाजाने जाणाऱ्या आणि जहाजाने कोचीस उतरणाऱ्या आपल्या मराठी प्रवाशाने जहाजात पाय ठेवण्यापूर्वीचा दिवस व जहाजातून पाय काढल्यानंतरचा दिवस कसा घालवावा, हा तो विषय होय.

जहाजावरील दिवसांची काळजी जहाजवाले वाहतात. जेवण, निजणे, औषधपाणी हे सर्व तेथे ठरलेले असते. प्रवासी अडतो, फसतो आणि थकतो तो या दोन कडेच्या दिवसांत. हे दोन दिवस मात्र आपल्या गावात जातात, म्हणून ते आपल्या जबाबदारीचे आहेत असे आम्हांस वाटते. असे वाटण्यास एक प्रसंग कारण झाला, तो प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिना होता. सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी लक्षद्वीपच्या सहलीसाठी येथे आले. गाडी सकाळी पोचणार, जहाज दुपारी सुटणार, मध्ये चार-पाच तास मोकळे, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर तो बिनचूक होता. परंतु गाडी चार तास उशिरा आली. स्टेशनाबाहेर रिक्षा ठरविण्यात आणि मग विलिंग्डन बेटावर चुकीच्या फाटकापाशी उतरण्यात आणखी वेळ गेला. आमच्या एका सभासदाचा दूरध्वनी क्रमांक त्यांच्या डायरीत लिहिलेला होता. तो त्यांनी वापरला केव्हा, तर सर्व संपल्यावर.

आम्ही पोचलो तेव्हा दोघे फाटकाबाहेर सामानापाशी उभी होती. जहाज अजून धक्क्याला लागलेलेच होते, त्याचे दोरही सुटले नव्हते. परंतु प्रवाशांना चढवून घेण्याची वेळ संपली होती आणि यादी बंद झाली होती. फाटकावरील माणसे सौजन्याने बोलत होती, पण नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

गुरुजी म्हणाले, "अहो, जहाज तर समोर उभं आहे. एस.टी. असती तर कंडक्टरनं घंटी मारून थांबवली असती."

काकू काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. पण यांनी चाळीस वर्षं भूगोल शिकवला. प्रवाळाची बेटं फळ्यावर खडूनं काढून दाखवली पोरांना. एकदा डोळ्यांनी बघायची होती, एवढंच."

अर्ध्या तासाने जहाज सुटले. ते वळून वायपीनच्या टोकाकडे जाईपर्यंत गुरुजी तेथून हलले नाहीत. त्या रात्री दोघे आमच्याकडे राहिली. जेवताना कोणी कोणास दोष दिला नाही. पण आम्हांस मात्र झोप आली नाही. जे त्यांना ठाऊक नव्हते त्यांतील प्रत्येक गोष्ट आम्हांस ठाऊक होती. पन्नास वर्षे आपले मंडळ या शहरात नांदत आहे आणि कोणाही पाहुण्याला आपण हे लिहून कळविलेले नव्हते. आजचे भाषण हे त्या चुकीचे परिमार्जन समजावे.

आता मुद्द्याकडे वळू.

पहिली गोष्ट ही, की जहाजाच्या दिवशी कोचीस पोचू नये. निदान आदल्या दिवशी, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी सकाळीच पोचावे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातून येथे येणे पुष्कळ सुलभ झाले हे खरे. तथापि त्या मार्गावर पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक असते. दरडींच्या भीतीने गाड्या सावकाश चालतात, सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात, आणि हे वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पोचते. आपल्याकडे दसरा येऊन ठेपला, आभाळ निवळले, म्हणजे पावसाळा संपला असे आपण धरतो. रेल्वे तसे धरीत नाही, आणि येथील आभाळही धरीत नाही. येथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचा पाऊस येतो. त्यास मल्याळीत तुलावर्षम् म्हणतात. दुपारनंतर गडगडाट होऊन तो असा कोसळतो की अर्ध्या तासात रस्त्यांवर पाणी साचते. छत्री सामानाच्या तळाशी न ठेवता हातात ठेवावी.

दुसरी गोष्ट स्टेशनाची. कोची या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहराची मुख्य स्टेशने एर्नाकुळम या नावाची आहेत, आणि ती दोन आहेत. एक एर्नाकुळम जंक्शन, ज्यास येथील लोक साऊथ म्हणतात. दुसरे एर्नाकुळम टाऊन, ज्यास नॉर्थ म्हणतात. काही गाड्या एकाच ठिकाणी थांबतात. तिकिटावर कोणते नाव छापले आहे ते घरीच वाचून ठेवावे व उतरून घेण्यास येणाऱ्यालाही तेच कळवावे. विलिंग्डन बेटावर एक जुने हार्बर टर्मिनस आहे. जुन्या प्रवासवर्णनात त्याचे नाव वाचून कोणी थेट धक्क्याजवळ उतरण्याचा बेत करील, तर तो करू नये. त्या स्टेशनावर आता लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. विमानाने येणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की १९९९ साली सुरू झालेला विमानतळ नेडुंबाशेरीस आहे आणि तो एर्नाकुळमपासून सुमारे ३० किलोमीटर दूर आहे. तेवढे अंतर संध्याकाळच्या गर्दीत दीड तासाचेही होते.

तिसरी गोष्ट धक्क्याची. विलिंग्डन बेट हे निसर्गाने केलेले बेट नव्हे. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळावर ते वसविले गेले. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली हे काम झाले आणि १९२८ साली पहिले मोठे जहाज आतल्या बंदरात आले. बेटाचे एक अंग वेंडुरुत्तीच्या पुलाने एर्नाकुळमशी जोडलेले आहे, दुसरे अंग तोप्पुंपडीकडील पुलाने मट्टांचेरी व फोर्ट कोचीशी. नकाशावर हे बेट चिमुकले दिसते, पण त्यावर धक्के अनेक आहेत आणि एका फाटकापासून दुसरे फाटक सामान घेऊन पायी जाण्याच्या अंतरावर नसते. पर्यटकांच्या मोठ्या जहाजांसाठी २०२१ साली सागरिका नावाचे नवे प्रवासी-स्थानक झाले. मुंबईहून निघून गोवा वा लक्षद्वीप करीत येणारी जहाजेही अलीकडच्या वर्षांत येथे लागली आहेत. लक्षद्वीप प्रशासनाच्या नेहमीच्या जहाजांची जागा निराळी. यास्तव रिक्षावाल्यास नुसते "जहाज" किंवा "पोर्ट" असे सांगू नये. तिकिटावरील धक्क्याचे नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावे. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी एक फेरी मारून फाटक पाहून यावे. तेवढा खर्च पुढील मनस्तापापेक्षा खचित स्वस्त पडतो.

रिक्षाच्या भाड्याविषयी दोन शब्द. भाडे बसण्यापूर्वी विचारावे. बेटावरून परत येताना गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून रिक्षावाला थोडे अधिक मागतो, त्यास लुबाडणूक समजून तंटा करू नये. आपल्या गावातही आडबाजूस जाताना रिक्षावाला हेच करतो. "एत्र" म्हणजे किती, "मदि" म्हणजे पुरे, "वेंडा" म्हणजे नको आणि "वेळ्ळम्" म्हणजे पाणी, एवढे चार शब्द पाठ असले तरी दिवस निभतो. वयाने मोठ्या पुरुषास "चेट्टा" व स्त्रीस "चेच्ची" म्हणावे. दादा आणि ताई म्हटल्याने आपल्याकडे जे काम होते तेच येथेही होते.

चौथी गोष्ट हरताळाची. येथे हरताळ पुकारला गेला म्हणजे दुकाने, बस आणि रिक्षा एकदम बंद होतात. ऐनवेळी पुकारलेल्या हरताळांमुळे लोकांचे फार हाल होत. म्हणून केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली सात दिवसांची पूर्वसूचना आवश्यक ठरविली. तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी विचारपूस करावी. हरताळाच्या दिवशी आगगाड्या सहसा चालतात, पण स्टेशनापासून पुढे काय, हा प्रश्न उरतो. जहाज हरताळाच्या दिवशी सुटणार असेल तर पहाटेच बेटाकडे निघावे.

पाचवी गोष्ट कागदपत्रांची. लक्षद्वीपात उतरण्यास बाहेरच्या माणसाला प्रवेशपरवाना लागतो. तो प्रवासापूर्वी हाती आलेला असावा. कोचीस गेल्यावर एका दिवसात काढून घेऊ, या भरवशावर घर सोडू नये. ओळखपत्र मूळ असावे आणि त्यावरील नाव परवान्यावरील नावाशी अक्षरशः जुळावे. आपल्याकडे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन अंगे असतात, तर कित्येक अर्जांत दोनच रकाने असतात. तेथे कोणते नाव गळले हे घरीच पाहून घ्यावे, फाटकावर नव्हे.

आता या मोकळ्या दिवसात काय पाहावे?

एर्नाकुळमच्या मुख्य बोट जेट्टीवरून फोर्ट कोचीस सरकारी बोटी जातात. भाडे अगदी किरकोळ, आणि वाटेत बंदराचे जे दर्शन घडते ते शंभरपट पैसे देऊनही चांगले घडणार नाही. २०२३ साली सुरू झालेल्या जलमेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटीही उच्च न्यायालयाजवळून फोर्ट कोचीस जातात. ज्यांनी कधी बोटीत पाय ठेवलेला नाही त्यांनी ही फेरी अवश्य करावी. उद्याच्या मोठ्या प्रवासाची ती रंगीत तालीमच होय. ज्याला अर्ध्या तासाच्या बोटीत मळमळते त्याला उद्यासाठी वैद्याचा सल्ला घेण्यास अजून अवधी असतो.

फोर्ट कोचीस चिनी जाळी पाहावीत. सेंट फ्रान्सिस चर्चही पाहावे. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला आणि प्रथम तेथेच पुरला गेला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टांचेरीस राजवाडा आहे. तो पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजास दिला आणि नंतर डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून त्यास डच पॅलेस म्हणतात. त्यातील रामायणाची भित्तिचित्रे सावकाश पाहण्याजोगी आहेत. जवळच १५६८ सालचे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. मात्र एक सूचना: राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि प्रार्थनामंदिर शुक्रवारी व शनिवारी सहसा बंद असते. आपला मोकळा दिवस शुक्रवार असेल तर दोन्ही दारांवर कुलपे पाहून परतावे लागेल. त्या दिवशी मट्टांचेरीतच चेर्लाई भागाकडे जावे. सोळाव्या शतकात गोव्याकडून दक्षिणेस आलेल्या कोकणी कुटुंबांचे वंशज तेथे राहतात, आणि तिरुमल देवस्वम् हे त्यांचे देवस्थान आहे. त्यांची कोकणी मल्याळीच्या सहवासात बदललेली आहे. तरी कान देऊन ऐकल्यास मधूनमधून एखादा शब्द असा येतो की आपल्याच आजीच्या तोंडचा वाटावा. येथील देवळे दुपारी बंद असतात आणि पुष्कळ देवळांत पुरुषांनी सदरा काढून आत जाण्याचा रिवाज आहे, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक तारीख सांगून ठेवतो. ३१ डिसेंबरच्या रात्री फोर्ट कोचीस नववर्षाचा मोठा जत्रा-उत्सव असतो आणि समुद्रकाठी म्हाताऱ्याचा भला थोरला पुतळा जाळतात. गर्दी एवढी लोटते की बोटी व रस्ते तुंबून जातात. ज्यांचे जहाज १ जानेवारीस सुटणार असेल त्यांनी त्या रात्री एर्नाकुळमच्या बाजूस मुक्काम करावा.

जेवणाविषयी. उपाहारगृहात बसताच गुलाबी रंगाचे कोमट पाणी समोर येते. पुष्कळ पाहुणे ते पाहून दचकतात. ते पतिमुगम् नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेले पाणी असते. उकळलेले असल्याने प्रवाशास तेच हितकर. जाड, लालसर मट्टा भात पहिल्यांदा घशाखाली उतरत नाही, पण त्याने पोट बिघडत नाही. जहाजाच्या आदल्या रात्री मात्र नारळाच्या तेलातील तळलेले पदार्थ, कितीही आग्रह झाला तरी, बेतानेच घ्यावेत.

शरीराविषयी. मळमळ थांबविणाऱ्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून आणाव्यात आणि जहाज हलू लागण्यापूर्वी घ्याव्यात. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. रिकाम्या पोटी चढू नये, तसेच भरल्या पोटीही चढू नये. आलेपाकाच्या वड्या खिशात असाव्यात. जहाजाचा मधला व खालचा भाग कमी हलतो. अस्वस्थ वाटल्यास पुस्तकात डोके न घालता उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे. नेहमीची औषधे दोन दिवस अधिक घ्यावीत आणि ती हातातील पिशवीत ठेवावीत. समुद्राच्या मनात आले तर दोनाचे चार दिवस होतात.

लक्षद्वीपास जाणाऱ्या वृद्धांसाठी एक खास सूचना. कोचीपासून ही बेटे २०० ते ४५० किलोमीटर दूर, म्हणजे जहाजाने चौदा ते वीस तासांच्या अंतरावर आहेत. तेथे मोठे जहाज पुष्कळदा बेटाबाहेरच उभे राहते. प्रवाशांना जहाजाच्या कुशीतून लहान होडीत उतरावे लागते. होडी वरखाली होत असते. खलाशी हात धरतात आणि "आता" म्हणतात त्या क्षणी पाऊल टाकावयाचे असते, आधी नाही व मागाहूनही नाही. म्हणून पाठीवर बांधता येईल अशी एकच पिशवी असावी व दोन्ही हात मोकळे असावेत. पायांत घट्ट बसणारी पादत्राणे असावीत. नऊवारी वा पाचवारी नेसणाऱ्या भगिनींनी निऱ्या नीट खोचून घ्याव्यात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे सर्व तिकीट काढण्यापूर्वी जाणून घ्यावे.

आता परतीचा दिवस. जहाज ठरल्या वेळी लागेलच असे नाही. लागले तरी उतरण्यास वेळ जातो. म्हणून त्याच दिवशीच्या गाडीचे वा विमानाचे तिकीट काढू नये. दुसरे असे, की जमिनीवर आल्यावरही काही तास, क्वचित एक-दोन दिवस, पायांखालची जमीन डोलल्यासारखी वाटते. न्हाणीघरात डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. हा आजार नव्हे, शरीराला लागलेली सवय सुटण्याचा तो काळ असतो. परंतु वृद्धांनी त्या रात्री भिंतीचा आधार सोडू नये. आणि उतरल्याबरोबर मुन्नारला जाण्याचा बेत तर मुळीच करू नये. सुमारे १३० किलोमीटरचा, वळणावळणांचा तो घाट समुद्राने ढवळलेल्या पोटास सोसवत नाही. एक रात्र येथे काढावी. रात्री कंजी व मुगाची उसळ घ्यावी. येथील कंजी म्हणजे आपल्या कोकणातली पेजच होय. चार दिवसांच्या प्रवासानंतर ती पोटात गेली म्हणजे जमीन आपोआप स्थिर होते, असा आमचा अनुभव आहे.

बेटांवरून काय आणावे, असे प्रवासी विचारतात. मिनिकॉयचे वाळविलेले मासे, ज्यास तेथे मास म्हणतात, चालत असल्यास ते आणावेत. नारळाचे पदार्थ आणावेत. प्रवाळाचा तुकडा मात्र, तो किनाऱ्यावर पडलेला असला तरी, उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे. नातवंडांसाठी म्हणून आणलेला तुकडा आजोबांना गुन्हेगार ठरवू शकतो.

आता त्या ऑक्टोबरातील दुपारीकडे पुन्हा एकदा वळतो, कारण त्या प्रसंगातील एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे.

फाटकाजवळ एक लांब बाक होता. त्यावर बेटांवरील एक कुटुंब बसलेले होते. नवऱ्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तो बाकावर आडवा झाला होता. भोवती तांदळाच्या पिशव्या, कांदे-बटाटे, औषधांची खोकी होती. काकू उन्हात उभ्या आहेत हे पाहून ती बाई उठली, आपली जागा हाताने झटकली आणि म्हणाली, "अम्मा, इरिक्कू." बसा, असे ती म्हणत होती. शब्द कळला नाही तरी काकूंना अर्थ कळला आणि त्या बसल्या. पुढे बोलताना आम्हांस समजले की त्या कुटुंबाला त्या जहाजाची तिकिटे मिळालेली नव्हती. ऐनवेळी दोन जागा रिकाम्या राहतील या आशेने ती सकाळपासून तेथे होती. गुरुजी आले नाहीत म्हणून दोन जागा रिकाम्या राहिल्या होत्या. पण तोवर यादी बंद झाली होती. त्या जागा कोणालाच मिळाल्या नाहीत.

बंधुभगिनींनो, आपल्याकरिता जहाज ही सहल आहे. त्यांच्याकरिता ती एस.टी. आहे, रुग्णवाहिका आहे आणि वाण्याची गाडीही आहे. बेटांवरील माणसे ऑपरेशनासाठी, कॉलेजासाठी, कोर्टकचेरीसाठी कोचीस येतात आणि परतीच्या जागेसाठी ताटकळतात. म्हणून वेळेवर पोचणे हा नुसता आपल्या सोयीचा प्रश्न नाही. आपण रिकामी सोडलेली जागा कोणाच्या तरी घरी जाण्याची जागा असते. ज्याचा बेत रद्द होईल त्याने ते आधी कळवावे. जहाजावर त्यांच्या नमाजाच्या वेळी व निजण्याच्या वेळी गलका करू नये. न विचारता त्यांच्या स्त्रियांची छायाचित्रे घेऊ नयेत. पाहुण्याने यजमानाच्या घरी जसे वागावे तसे वागावे, एवढेच.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवून आम्ही खाली बसतो. या स्मरणिकेत ज्या गोष्टी छापल्या जातील त्यांतील निवडक दहा ओळींचे एक पत्रक मंडळाने काढावे आणि महाराष्ट्रातील आपल्या नातलगांना, परिचितांना प्रत्येकाने पाठवावे. मंडळाच्या दोन सभासदांनी आळीपाळीने एका दूरध्वनीची जबाबदारी घ्यावी. आणि ज्यांच्या घरी एक खोली रिकामी असेल त्यांनी जहाजाआधीच्या वा नंतरच्या एका रात्रीसाठी वृद्ध प्रवाशांना ती द्यावी. यास निधी लागत नाही, वर्गणी लागत नाही. परगावी राहणाऱ्याने आपल्या माणसांसाठी यापेक्षा सोपे काम कोणते करावे?

ते गुरुजी दोन वर्षांनी पुन्हा आले. या वेळी दोन दिवस आधी आले, धक्का पाहून आले, आणि आम्ही सांगण्यापूर्वीच त्यांनी पिशवी पाठीवर बांधून दाखविली. सहा दिवसांनी परतले तेव्हा काकू पेज घेऊन पडून राहिल्या. गुरुजींनी मात्र आमच्या नातीची पाटी मागून घेतली, पेन्सिलीने एक वाटोळे कंकण काढले आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी हे आतलं पाणी रिकामं सोडत होतो. ते रिकामं नाही. खाली सगळं जिवंत आहे."

पाटी बरेच दिवस पुसली गेली नाही.